परतवारीचा हक्क

मामांचा जन्म १ जूनचा, मामींचाही १ जूनचा. दोघांच्या वयात पाच वर्षांचं अंतर, तारीख मात्र एकच. बावड्यात, किंबहुना सगळ्या इंदापूर तालुक्यात, त्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जूनची पहिली तारीख लिहिली आणि ती जन्मभर चिकटली. तिच्यामुळे आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं. मुलाने अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन आई-वडिलांसाठी अर्ज भरायला घेतला, तेव्हा ती पहिल्यांदा आडवी आली. जन्माचा दाखला हवा होता. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्याआधी घरातच जन्मलेल्या अनेकांची नोंद कुठेच नाही. मग नोंद नसल्याचा दाखला आणायचा, जन्माच्या वेळी जाणत्या असलेल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं करायची. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या जन्माची ग्वाही देणारं माणूस आता गावात उरलंय किती? मामींचं दुखणं आणखी निराळं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, सातबाऱ्यावर घरात हाक मारायचं, आणि मुलाच्या दाखल्यावर त्याहून वेगळं. या चारही बायका एकच आहेत, हे आता स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं होतं.

खाटेवर पसरलेली ती फाइल मी चाळत होतो. सातबारा, आठ-अ, पासबुकं, लग्नाचा दाखला, कडेने कापलेले जुने फोटो. मामी शेजारी बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी कागदांकडे बघत एकच गोष्ट विचारली : "ह्यात परतीचं कुठं लिवलंय?"

मी शोधलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असणारही नव्हतं, कारण तो अर्ज कायमचं राहायला जाण्याचा होता.

आई-वडिलांना तिकडे कसं न्यायचं, हा प्रश्न आज महाराष्ट्रातल्या हजारो घरांत विचारला जातो आणि त्याची उत्तरं एजंट, वकील आणि ओळखीपाळखीचे लोक देत असतात. कुठला व्हिसा, किती फी, किती वर्षं. ही उत्तरं लागतातच, आणि मीही त्यांतली काही पुढे देणार आहे. पण माझं म्हणणं असं आहे की प्रश्नच चुकीच्या बाजूने मांडला गेला आहे. आई-वडिलांना नेणं म्हणजे त्यांना कायमचं नेणं, आणि कायमचं नेणं म्हणजेच प्रेम, असं आपण धरून चाललो आहोत. म्हाताऱ्या माणसाला हवी असते ती ये-जा. हवं तेव्हा नातवंडांपाशी जाता यावं, हवं तेव्हा आपल्या ओसरीवर परतता यावं, आणि दोन्हीकडे आपण परके ठरू नये. या ये-जा करण्याला आपल्या भाषेत फार जुना शब्द आहे : वारी. जगातल्या बहुतेक व्हिसा-कायद्यांत वारीला जागा नाही. ती मागायला हवी, आणि मागण्याआधी आपल्या घरात मान्य व्हायला हवी.

बावड्यात हा प्रश्न आला कसा, तेही पाहू. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला. १८८५ च्या सुमारास त्याचं पाणी बारामती-इंदापूरच्या रानात खेळू लागलं. पाण्यामागून ऊस आला, उसामागून सहकारी कारखाने, कारखान्यांच्या सावलीत शाळा-कॉलेजं. बारामतीत १९७२ साली विद्या प्रतिष्ठान उभं राहिलं. ज्या घरात आजोबा अंगठा उठवत होते, त्या घरातला नातू इंजिनिअर झाला, पुण्याला गेला, हिंजवडीत लागला आणि तिथून न्यू जर्सी, टोरांटो, मेलबर्नला पोहोचला. फीचे हप्ते उसाच्या बिलातून गेले. ज्या उसाने पोराला परदेशी पाठवलं, तोच ऊस बापाला इथे धरून ठेवतो. हा गुंता कुठल्याही अर्जाच्या रकान्यात मावत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. बहुतेक श्रीमंत देशांच्या लेखी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लहान मुलं. एच-वन-बी व्हिसावर गेलेला मुलगा बायको-मुलांना एच-फोरवर नेऊ शकतो, आई-वडिलांसाठी तसा प्रकारच नाही. ग्रीन कार्ड मिळालं तरी त्याला आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. त्यासाठी नागरिकत्व लागतं. एकदा तो नागरिक झाला आणि एकवीस वर्षांचा असला, की मात्र अमेरिकेचा कायदा उदार आहे. १९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्यापासून नागरिकांच्या आई-वडिलांना वार्षिक संख्येची मर्यादा नाही. उत्पन्न पुरेसं असल्याची हमी मुलाने द्यायची आणि आई-वडिलांनी जायचं. यात कृपणपणा नाही.

अडचण त्या दारापर्यंत पोहोचण्याची आहे. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून जास्त कार्डं येत नाहीत, म्हणून भारतीयांची रांग दशकाहून लांब झाली आहे. हिशेब करा. चोविसाव्या वर्षी शिकायला गेलेला मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी रांगेत उभा राहिला, चाळिशीत त्याला कार्ड मिळालं, त्यानंतर पाच वर्षांनी नागरिकत्व. तोवर आई-वडील सत्तरीत. ज्या वयात पाय चालतात, नवी वाट आणि नवी भाषा थोडीफार जमते, ते वय वाट पाहण्यात गेलं. भावा-बहिणींची गोष्ट तर विचारूच नका. अमेरिकी नागरिकाला भावंडांसाठी अर्ज करता येतो, पण भारतातल्या भावंडांची ती रांग जवळपास वीस वर्षांची आहे. आज अर्ज केला तर भावाचा दहावीतला मुलगा पस्तिशीचा होईल आणि वय उलटून गेल्यामुळे बापाच्या अर्जातून बहुधा बाहेर पडेल.

इतर देशांचे नियम पाहिले की प्रत्येक देश म्हाताऱ्या आई-बापांकडे कसा बघतो ते कळतं. ब्रिटनने जुलै २०१२ पासून अट घातली की परावलंबी आई-वडिलांना रोजच्या साध्या कामांसाठीही दुसऱ्याचा हात लागत असला पाहिजे, आणि तशी देखभाल मायदेशात मिळण्यासारखी किंवा परवडण्यासारखी नसली पाहिजे. चालती-बोलती आई नाही, अंथरुणाला खिळलेली आई असेल तरच विचार होईल. आणि मुलगा डॉक्टर असून पैसे पाठवू शकत असेल, तर इथेच बाई ठेवा, असं उत्तर मिळू शकतं. ऑस्ट्रेलिया मुलांची संख्या मोजतो : निम्मी किंवा त्याहून जास्त मुलं तिथे कायमची राहत असतील, किंवा दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा तिथे जास्त मुलं असतील, तरच आई-वडिलांना कायमचा व्हिसा. त्यातही साध्या रांगेत जवळपास तीस वर्षं, आणि पैसे भरून थोडं पुढे जायचं तर माणशी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर. साठीच्या माणसाला तीस वर्षं थांबा म्हणणं हा सभ्य शब्दांतला नकार आहे. कॅनडात आई-वडिलांच्या कायम वास्तव्यासाठी चिठ्ठ्या काढाव्यात तशी सोडत निघत आली, आणि नंबर लागला तर मुलाला वीस वर्षं त्यांच्या खर्चाची हमी द्यावी लागते. जर्मनीने मार्च २०२४ पासून नव्याने परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडील आणण्याची मुभा दिली, पण त्यांचा आरोग्य विमा दाखवणं ही मोठी चढण आहे. दुबईत मुलगा आई-वडिलांना नेऊ शकतो, पण वर्षा-वर्षाने नूतनीकरण. नोकरी गेली की सगळ्यांनी परतायचं.

या सगळ्यांत मला सगळ्यात बोचणारी गोष्ट सापडली ती आपल्याच सातबाऱ्यात. मामा-मामी पूर्वी एकदा नातू झाला तेव्हा पाहुणे म्हणून अमेरिकेला जाऊन आले होते. त्या व्हिसाच्या मुलाखतीला जाताना त्यांनी फाइलीत सगळ्यात वर सातबारा ठेवला होता. कारण अमेरिकेचा कायदा प्रत्येक पाहुण्याविषयी आधी असंच धरून चालतो की हा माणूस तिथेच राहणार. परत येणार आहे हे त्याने पटवून द्यायचं. जमीन, ऊस, घर हे परत येण्याचे पुरावे. आता कायमच्या अर्जात तोच सातबारा उलटा फिरतो. ग्रीन कार्ड घेतलेल्या माणसाने सहा महिन्यांहून जास्त बाहेर काढले की विचारणा होते. वर्षभर बाहेर राहिला तर त्याने अमेरिकेतलं वास्तव्य सोडलं असं मानलं जातं. त्याहून जास्त थांबायचं तर अमेरिकेत असतानाच अर्ज करून परवाना काढावा लागतो, तोही जास्तीत जास्त दोन वर्षांचा. म्हणजे जो सातबारा पहिल्या दारात तुमच्या बाजूचा साक्षीदार, तोच दुसऱ्या दारात तुमच्याविरुद्धचा. एक कागद म्हणतो, परत जाणार हे सिद्ध करा. दुसरा म्हणतो, परत जाणार नाही हे सिद्ध करा. दोन्हीकडे आपलं असलेलं माणूस कुठल्याच कागदाला चालत नाही.

आणि बावड्याचं माणूस तर दोन्हीकडचंच असणार. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की सोळा ते अठरा महिने रानात उभा असतो. लागण बघायला थांबलं तर तोडणीपर्यंत दीड वर्ष गेलं. कार्डाचं वर्ष बारा महिन्यांचं आणि आडसालीचं दीड वर्षाचं. या दोघांचा मेळ बसत नाही. पैशाचा मेळही तसाच. भारतात शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, पण ग्रीन कार्ड घेतलेल्या माणसाला जगभरातलं उत्पन्न अमेरिकेला कळवावं लागतं, आणि त्यात उसाचं बिलही आलं. इथल्या बँकांतल्या खात्यांत मिळून दहा हजार डॉलरांहून जास्त रक्कम असेल तर त्याचीही माहिती दर वर्षी द्यायची. आयुष्यभर कारखान्याच्या स्लिपा तारेला टोचून ठेवणाऱ्या माणसाला सत्तरीत हे शिकवायचं. चुकलं तर दंड, आणि चूक काय झाली ते कळायची भाषाही त्याच्याकडे नाही.

त्या पहिल्या मुक्कामातली मामांची एक सवय मामेभावाने सांगितली. तिकडे संध्याकाळ झाली की मामा फोन घेऊन खिडकीपाशी बसत. इथे तेव्हा पहाट असायची. वाटेकऱ्याला ते रोज तीनच गोष्टी विचारत : पाण्याची पाळी आली का, लाईट दिवसाची आहे का रात्रीची, आणि म्हैस दूध देते का. बाहेर बर्फ, घरात हीटर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी चालवता येत नाही म्हणून भाजीलाही मुलावर अवलंबून. शेजारी चांगला होता, रोज हात करायचा, पण हात केल्यापलीकडे दोघांपाशी शब्द नव्हते. गावात ज्यांच्या शब्दाला वजन, ते मामा तिथे सहा महिने कुणाशी भांडलेसुद्धा नाहीत. मला ही गोष्ट फार लागली.

पण मामींची हकीकत वेगळी आहे, आणि ती न सांगणं अन्यायाचं होईल. मामींना त्या सहा महिन्यांत लग्नानंतर पहिल्यांदा दुपारची झोप मिळाली. धार काढायची नाही, मजुरांचा चहा नाही, आल्या-गेल्याचं पानात वाढायचं नाही. बागेत एक कऱ्हाडची आजी भेटली, दोघी रोज बाबागाड्या ढकलत फिरायच्या. मुलगा त्यांना मराठी मंडळाच्या गणपतीला घेऊन गेला, तिथे त्यांनी मोदक वळले आणि चार घरची आमंत्रणं मिळवली. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळासारखी संस्था १९८१ पासून आहे, गावोगावची मंडळं आहेत. आजी-आजोबांना तिथे अगदीच एकटं पडावं लागतं असं नाही. मामींना तिथे राहायला आवडलं असतं. तरीही त्यांनीच परतीचं विचारलं. हवंय ते दोन्ही. म्हणून माझा पहिला आग्रह असा की अर्ज करण्याआधी आईला आणि वडिलांना वेगवेगळं बसवून विचारा. "आई-बाबा काय म्हणतात" या वाक्यातले "म्हणतात" बहुतेक वेळा एकट्या बाबांचे असतात.

लेकींच्या बाबतीत परदेशी कायदा आपल्या पुढे आहे, हेही मोकळेपणाने कबूल करायला हवं. लेकीच्या घरी आई-बापांनी राहू नये, ही आपल्याकडची जुनी रीत. अमेरिकेचा कायदा मुलगा-मुलगी असा फरक करत नाही. उलट सुनेला सासू-सासऱ्यांसाठी अर्ज करताच येत नाही, तो त्यांच्या मुलाने किंवा मुलीनेच करायचा. लेकीने आपल्या आई-वडिलांसाठी, जावयाने आपल्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली पद्धत होती. आता लेक येऊ शकत नाही म्हणून माहेरच विमानात बसून जातं. सहा महिने आई, मग सहा महिने सासूबाई, अशा पाळ्या कितीतरी घरांत लागतात. या पाळ्यांमुळे लेकीच्या घरी राहण्याचा संकोच मोडला, हे चांगलंच झालं. मात्र त्यांत आजीचं जाणं नातवंडाच्या वयाशी बांधलं जातं. बाळ डे-केअरला जायच्या वयाचं झालं की पाळ्या थांबतात. म्हातारपणाची गरज तर त्यानंतर सुरू होते.

आपल्या तालुक्याला कायमचं उठून जाणं म्हणजे काय ते नव्याने सांगायला नको. भीमेवर उजनी धरण झालं, तेव्हा काठची गावं उठली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर येतं, आणि त्या गावची माणसं चिखल तुडवत दर्शनाला जातात. त्यांना नवी जागा मिळाली, नवी घरं बांधली, मुलं शिकली. तरी पाणी उतरायची वाट बघणं संपलं नाही. त्यांच्यावर सक्ती होती आणि परदेशी जाणारे आपखुशीने जातात, हा फरक मोठा आहे. पण वय झालेलं माणूस जागेपासून तुटलं की त्याला काय होतं, ते कळायला आपल्याला दुसरीकडे जावं लागत नाही.

म्हणून मला कॅनडाच्या सुपर व्हिसाचं मोल वाटतं. डिसेंबर २०११ मध्ये तो सुरू झाला. दहा वर्षांपर्यंत वैध, कितीही वेळा ये-जा, आणि २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मुलाने नागरिकच असलं पाहिजे असं नाही, कायम रहिवासी असला तरी पुरतं. अट दोन गोष्टींची : मुलाचं ठरावीक उत्पन्न आणि आई-वडिलांचा किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा. ऑस्ट्रेलियाने २०१९ पासून आई-वडिलांसाठी तात्पुरता प्रायोजित व्हिसा दिला, एका वेळी तीन किंवा पाच वर्षं, एकूण दहा. न्यूझीलंडने सप्टेंबर २०२५ मध्ये पाच वर्षांचा 'पेरेंट बूस्ट' व्हिसा सुरू केला. या तिन्ही ठिकाणी आई-वडिलांना आपला देश सोडल्याचं दाखवावं लागत नाही. सातबारा घरी राहतो, घराला कुलूप लागतं पण घर राहतं. वारीच्या सगळ्यात जवळ पोहोचलेले कायदे हेच.

यावर आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. पहिला असा की ही फसवी सोय आहे. कॅनडाने सुपर व्हिसा आणला तेव्हाच आई-वडिलांच्या कायम वास्तव्याचे नवे अर्ज घेणं थांबवलं होतं; हक्काच्या बदल्यात पाहुणचार हातावर टेकवला, असं टीकाकार म्हणतात. शिवाय विम्याचा हप्ता मोठा, तो ज्याला झेपेल त्याचेच आई-वडील जाणार. हे मला मान्य आहे. ये-जा करण्याचा व्हिसा हा कायम वास्तव्याचा दरवाजा बंद करण्याचं निमित्त होता कामा नये. पण अमेरिकेचा उघडा दरवाजा बघा : तिथे कायमचे गेलेल्या पासष्टीपुढच्या आई-वडिलांनाही मेडिकेअर हप्ता भरून घ्यायचा तर आधी पाच वर्षं सलग राहावं लागतं. तोवर विमा खिशातूनच. गरीब-श्रीमंत हा भेद दोन्हीकडे आहे. एकीकडे निदान परत येता येतं.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. वारी दोघांनी मिळून करायची असते. दोघांतलं एक गेलं, गुडघे गेले, विसर पडू लागला, की ये-जा कसली? आधार देणारं माणूस सात समुद्रांपलीकडे असेल तर बावड्याच्या ओसरीचं सुख काय कामाचं? या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नाही. म्हणूनच मला वाटतं की ये-जा करण्याच्या व्हिसाला शेवटचा मुक्काम जोडलेला असावा. जे आई-वडील वर्षानुवर्षं नियम पाळून आले-गेले, विम्याचे हप्ते भरले, त्यांच्यापैकी एकटं उरेल त्याला मुलापाशी कायमचं राहता यावं. ब्रिटनच्या नियमाची मोठी खोट हीच, की तो माणसाला धडधाकट असताना दारात उभं करत नाही आणि तो पडला की अनोळखी घरात आणायला सांगतो. वीस खेपा ज्या घरात येणं-जाणं झालं, त्या घरात शेवटी राहायला जाणं सोपं असतं. तिथला जिना, तिथला दिवा, नातवंडांचे मित्र, कोपऱ्यावरची आजी, सगळं ओळखीचं झालेलं असतं.

तिसरा आक्षेप : परक्या देशांनी हे आपल्यासाठी का करावं? कारण तिथली रुग्णालयं, संगणक, शेतं, वृद्धाश्रम चालवणारी माणसं ज्या आई-बापांनी वाढवली, त्या माणसांच्या शिक्षणाचा खर्च त्या देशांना एक पैही पडलेला नाही. तो उसाच्या बिलातून गेला. आणि ये-जा करणाऱ्यांचा आरोग्याचा भार विम्यावर पडतो, सरकारी तिजोरीवर नाही. ही मागणी भारत सरकारने करायला हवी. ब्रिटनशी २०२१ मध्ये, जर्मनीशी २०२२ मध्ये, ऑस्ट्रेलियाशी २०२३ मध्ये स्थलांतराविषयी करार झाले. त्यांचा भर विद्यार्थी, संशोधक, कुशल कामगारांवर आहे. जाणाऱ्या पोरांचं बोलणं झालं, मागे राहिलेल्यांचंही त्याच टेबलावर व्हायला हवं.

पण सगळं सरकारवर ढकलून भागणार नाही. व्हिसाच्या गोष्टीत एक माणूस कधीच दिसत नाही : गावी राहिलेला भाऊ आणि त्याची बायको. आई-वडिलांचा रक्तदाब त्याला माहीत असतो, रात्री अकलूजला दवाखान्यात गाडी तो काढतो, आणि वहिनी पथ्याची भाकरी करते. परदेशातला भाऊ महिन्याला पैसे पाठवतो, दोन वर्षांतून एकदा येतो आणि डॉक्टरांना इंग्रजीतून प्रश्न विचारतो. वाटणीच्या वेळी मात्र सातबाऱ्यावर दोघांचा हिस्सा सारखा. कायद्याने ते बरोबर आहे, नीतीने प्रत्येक वेळी बरोबर असतंच असं नाही. आई-वडिलांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, आणि प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो. पण त्या कायद्याने महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपये देववता येतात. उशाशी बसणारं माणूस देववता येत नाही. ते माणूस घरात आहे तोवर त्याची किंमत ओळखायला हवी. परदेशातल्या भावाने आपल्या हिश्शाचं उत्पन्न किंवा हिस्साच त्याच्या नावे करणं, हा आई-वडिलांसाठी करता येणारा फार मोठा उपाय आहे आणि त्याला कुठल्याही वकिलातीचा शिक्का लागत नाही. लेक जवळच्या गावात दिली असेल आणि तीच सगळं बघत असेल, तर हे तिला पहिल्यांदा लागू.

गावानेही एक सोडायला हवं. "काय, पोरगं न्हेतंय का न्हाय तिकडं?" हा पारावरचा प्रश्न. त्याचं उत्तर "नाही" असेल तर मुलगा नालायक, आणि "हो" असेल तर म्हातारा-म्हातारीने गाव सोडलं. दोन्ही उत्तरांत माणूस हरतोच. या प्रश्नाच्या धाकाने कितीतरी मुलं आई-वडिलांच्या मनात नसलेले अर्ज भरतात, आणि कितीतरी आई-वडील मुलाची लाज राखायला सह्या करतात. एकदा कायमचा अर्ज दाखल झाला की पाहुणा म्हणून जायचा व्हिसा मिळणं अवघड होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. परतीची ओढ वेळेत ओळखली तर ये-जा जमते. रांगेत उभं राहिल्यावर ओळखली तर ना धड इथे, ना धड तिथे.

तुकोबांची पालखी इंदापूरहून निघते आणि बावड्यावरून सराटीला मुक्कामी जाते. दुसऱ्या दिवशी नीरेत पादुकांना स्नान घालून ती अकलूजकडे सरकते. आमच्या मामांच्या दारात त्या दिवशी वारकऱ्यांना जेवण असतं. जाणारी वारी सगळं गाव बघतं, फोटो काढतं, पायावर पाणी घालतं. एकादशी झाली की हीच माणसं परत फिरतात. त्याला परतवारी म्हणतात. तेव्हा रस्त्याच्या कडेला फारसं कुणी उभं नसतं. पण परतवारी नसेल तर ती वारी होत नाही. वारकरी पंढरपुरात राहायला जात नाही, म्हणून पंढरी त्याला जन्मभर पुरते.

मामेभावाला मी फोनवर मामींचा प्रश्न सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला वाटलं, त्यांना कायमचं यायचंय आणि मीच उशीर करतोय." अर्ज त्याने अजून पाठवलेला नाही. फाइल मामींनी पुन्हा बांधून ट्रंकेत ठेवली आहे, सातबारा सगळ्यात वर. पुढच्या महिन्यात तो गावी येणार आहे, तेव्हा आईशी आणि वडिलांशी वेगवेगळं बोलणार आहे. आधी काय विचारायचं, ते मामींनी त्याला शिकवून ठेवलं आहे.